तिसरी चढाई कुणाची?

(भोसरी येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

समोर बसलेले दादा-ताई, आणि सरावावरून थेट ट्रॅकसूटमध्येच येऊन शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या मुली,

पत्रिकेवर आजचा विषय 'औद्योगिक नगरीची क्रीडासंस्कृती' असा छापला आहे. संयोजकांनी प्रेमाने दिलेला विषय आहे, त्यावर मी बोलणारच आहे. पण या विषयाच्या पोटात एक प्रश्न आहे, तो मला बरीच वर्षं छळतो. आज एवढ्या मंडळांचे एवढे कार्यकर्ते एका मंडपात सापडलेत, तर तो विचारल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. गावच्या, वॉर्डाच्या, मंडळाच्या स्पर्धेत बाहेरचा तयार खेळाडू आणून खेळवावा का?

(पुढच्या रांगेतून : "झालं, मॅडमनी नाव घेतलंच!" हशा.)

घेतलं. आणि नाव घेतलंय म्हणजे शेवटपर्यंत नेणार आहे.

कबड्डीचा इतिहास भोसरीत येऊन मी काय सांगू? १९२३ ची बडोद्याची नियमावली, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये दाखवलेला आपला खेळ, बुवा साळवी, त्यांच्या जन्मदिवशी १५ जुलैला आपण साजरा करतो तो कबड्डी दिन, १९९० चं बीजिंगचं सुवर्ण, २०१० ला ग्वांगझूमध्ये मुलींनी आणलेलं सुवर्ण. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. तसंच या नगरीचंही. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, मग आकुर्डी, चिंचवड, भोसरीत एकेक धुराडं उभं राहिलं, १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका, १९९७ ला मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली ही गावं हद्दीत आली, आणि तोवर कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघाले होते. यात शिकवण्यासारखं काही नाही. मला यातली एकच गोष्ट हवी आहे. या पट्ट्यात जो तो कुठून तरी आलेला आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या ते इथले, आणि त्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या शेडमध्ये पाळी करायला आले ते लातूर, बीड, धाराशिव, जळगाव, बुलढाण्याचे, आणि आता त्याहून लांबचे. त्यामुळे 'बाहेरचा खेळाडू' हा शब्द दुसरीकडे सोपा असेल, आपल्याकडे तो फार जपून वापरावा लागतो.

आपल्याकडे स्पर्धा किती तऱ्हेच्या होतात ते एकदा बघा. एक, ओपन. ज्याची ऐपत त्याने संघ बांधावा आणि यावं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो बाजार उघड आहे. दुसरी, 'एक गाव एक संघ'. टेनिस क्रिकेटवाल्यांनी हे नाव रूढ केलं, तिथून ते कबड्डीत आलं. नोंदणीच्या टेबलावर आधार कार्ड मागतात. तिसरी, कंपन्यांच्या अंतर्गत स्पर्धा, डिपार्टमेंट विरुद्ध डिपार्टमेंट. आणि या तिन्हींच्या वर जिल्हा निवड चाचणी, तिथून राज्य अजिंक्यपद. वरच्या मजल्यावर व्यावसायिक संघ आहेत, रेल्वे आहे, बँका आहेत, २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. आपली पुणेरी पलटण १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला हरवून पहिल्यांदा विजेती झाली, त्या रात्री या चौकात किती फटाके वाजले ते मी सांगायला नको.

वरच्या मजल्यावरचा खेळाडू मधल्या मोकळ्या दिवसांत खालच्या मजल्यावर येतो. मंडळ त्याला मानधन देतं, गाडी पाठवतं, राहण्याची सोय करतं. त्याला आपण 'पाहुणा खेळाडू' म्हणतो. शब्द चांगला आहे. आपल्या घरी पाहुणा आला तर आपण त्याला आधी वाढतो. पण लेकरांना उपाशी उठवून वाढत नाही.

आता 'एक गाव एक संघ' म्हणणाऱ्यांचं गणित बघा. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. दहा बाय दहाची खोली, बाहेर मोरी, दारात सायकल नाहीतर दुचाकी. तिथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या कुटुंबाची मुलगी गावच्या शाळेत शिकते, गावच्या मैदानावर सराव करते, आणि स्पर्धेच्या दिवशी तिच्या आधार कार्डावर लातूर जिल्हा निघतो. नोंदणी बंद. आणि त्याच संघात ज्यांनी हे मैदान आयुष्यात पाहिलेलं नाही अशा दोघी-तिघी खेळतात, कारण त्यांची 'सोय' झालेली असते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कारखान्यातही पाहिलं. क्रिकेटच्या अंतर्गत स्पर्धेत कंत्राटी कामगारांना खेळता येत नव्हतं, कारण त्यांचे गेटपास ठेकेदाराच्या नावावर. आणि एका डिपार्टमेंटने लेदर बॉलवर खेळणारा एक पोरगा महिन्यापुरता ट्रेनी म्हणून घेतला होता. त्याच शेडमध्ये चार वर्षं उभा राहणारा माणूस बाहेरचा, आणि महिन्याचा ट्रेनी घरचा.

(एक श्रोते उभे राहून : "मॅडम, घाटात आम्ही दुसऱ्याचा बैल जुंपतोच की! मग कबड्डीत काय बिघडलं?" मोठा हशा, टाळ्या.)

दादा, बसा, बसा. उत्तर देते. बैलगाड्याच्या घाटात तुम्ही दुसऱ्याचा बैल जुंपता हे मला ठाऊक आहे, माझं माहेर खेड तालुक्यातलंच आहे. पण बैल काही शिकायला आलेला नसतो. त्याला पुढच्या महिन्यात निवड चाचणीला एकट्याने उभं राहायचं नसतं. माझ्या मुलीला राहायचं असतं. (टाळ्या.) माझं सगळं म्हणणं त्या 'एकट्याने' या शब्दात आहे, त्याच्याकडे मी येतेच आहे.

त्याआधी जत्रेतल्या कुस्त्यांचं थोडंसं. खेड, मावळ, मुळशी, आपल्या तिन्ही बाजूंना कुस्तीचे पट्टे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीची गदा राक्षेवाडीच्या शिवराज राक्षेने उचलली, चाकणपासून हाकेच्या अंतरावरचा मुलगा. तर जत्रेचा फड आठवा. दुपारी ऊन कलायच्या आत रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात. सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट सावरत, अंगभर माती लावून. मग नारळावर, मग पन्नास, शंभर, पाचशे, हजार. बाहेरगावचे मल्ल येतात, किती येतात! फड सगळ्यांना खुला. कुणी आधार कार्ड विचारत नाही. पण फडात चार म्हातारे उभे असतात, पागोटं नाहीतर टोपी घातलेले, जोड लावणारे. एका पोराचा दंड धरून त्याला ते फडभर फिरवतात, त्याचे कान बघतात, मान बघतात, कुठल्या तालमीचा विचारतात, आणि बरोबर त्याच्या तोलाचा दुसरा शोधून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. माझे आजोबा असे जोड लावायचे. मी लहान होते, मुलींना फडाच्या कडेलाही उभं राहू देत नसत, म्हणून मी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बघायची. एकदा परगावचा एक नामांकित पैलवान अडून बसला की मला अमुक रकमेची कुस्ती हवी, समोर कुणीही द्या. गावातला एक विशीतला पोरगा ईर्ष्येने पुढे झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, सगळ्यांना ती कुस्ती बघायची होती. आजोबांनी लावली नाही. लोक चिडले, कुणी ढेकूळ भिरकावलं, ते आजोबांच्या खांद्याला लागलं. तरी नाही लावली. त्यांनी त्या पोराला त्याच्या जोडीचा वाघोलीकडचा एक मल्ल दिला. बरोबरीत सुटली. रात्री जेवताना आजोबा आजीला म्हणाले, "हरला असता तर चाललं असतं. पण काही न शिकता हरला असता."

हे वाक्य मी सात-आठ वर्षांची असताना ऐकलं आणि कळायला मला पन्नास वर्षं लागली. कसं कळलं ते सांगते. (अध्यक्ष घड्याळाकडे लक्ष वेधतात.) हो, अध्यक्षमहोदय, मला ठाऊक आहे, दहाला स्पीकर बंद करायचा आहे. पण हे सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती. नाव सांगत नाही, तिच्या पाठीवर अकरा नंबर होता, मी तिला अकरा नंबरच म्हणते. आई-वडील मराठवाड्यातले. वडील प्रेस शॉपमध्ये हेल्पर. ते मला म्हणायचे, "मॅडम, आठ वर्षं झाली, डाय सेटिंगला अजून हात लावू देत नाहीत. सेटर येतो, सेटिंग करतो, आम्ही पत्रा सरकवतो." आई पॅकिंगला. मुलगी सातवीत माझ्याकडे आली. पाय बघण्यासारखे. चढाईला गेली की डावा पाय असा लांब टाकायची की कोपरारक्षक नुसती बघत राहायची. तीन वर्षं एक दिवस सराव चुकवला नाही. पावसात मैदानावर चिखल झाला तर शाळेच्या व्हरांड्यात फरशीवर खडूने मध्यरेषा ओढून एकटी पायांचा सराव करायची. माझ्याकडे हजेरीची वही असते, तिच्या नावापुढे नुसत्या बरोबरच्या खुणा.

तेव्हा एका मंडळाने महिलांची मोठी स्पर्धा भरवली. रोख बक्षीस, ढाल, प्रत्येकीला सायकल. आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ठरवलं, या वेळी ढाल आणायचीच. तीन पाहुण्या आणल्या. तिघी उत्तम खेळाडू, स्वभावाने गोड, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही काही नाही. प्रशिक्षक मी. मी हो म्हटलं. अकरा नंबरला मी बसवली नाही, सातांत घेतली. आणि मला वाटलं, मी फार न्याय केला.

आता नीट ऐका. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. तीस सेकंदांत. प्रो कबड्डी आल्यापासून घरातल्या आजीलाही हा नियम माहीत झालाय. मग आम्ही प्रशिक्षक काय करतो? पहिली चढाई स्थानिक मुलीला देतो. सांगतो, "जा, निदानरेषा ओलांड, श्वास टिकव, काही करू नकोस, जपून परत ये." दुसरीही तसलीच, वेळ काढायची. आणि तिसरी पाहुणीला. ती जाते, बोनस घेते, हात मारते, टाळ्या होतात. पूर्ण स्पर्धा आम्ही अशी खेळलो. पाच सामने. अकरा नंबरने त्यात चाळीसच्या वर चढाया केल्या असतील. तिसरी एकही नाही. मी तिला म्हणत होते, "शाब्बास, छान जपून आलीस." अंतिम सामना एका गुणाने जिंकलो. शेवटची तिसरी चढाई पाहुणीची. अकरा नंबर नाचत होती, तिला सायकल मिळाली, ती सायकल घेऊन तिचे वडील खोलीपर्यंत चालत गेले, चालवली नाही, चालत. मला इतकं बरं वाटलं होतं.

तीन महिन्यांनी जिल्हा निवड चाचणी. तिथे पाहुण्या नाहीत, आमच्या आम्ही. उत्तरार्धात शेवटची चार मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागे, दोन चढाया रिकाम्या. तिसरीला मी अकरा नंबरला पाठवली. दुसरं कोण होतं? ती गेली. कबड्डी कबड्डी सुरू. समोर पाच जणी, साखळी धरून. निदानरेषा ओलांडली. आणि मग तिने जे केलं ते मी विसरू शकत नाही. ती मागे सरकली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. डावा पाय, तो लांब पाय, तिने टाकलाच नाही. वीस सेकंद झाली तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला प्रश्न पडला होता. जपून परत येऊ का, असं ती विचारत होती. मी ओरडले, "जा! मार!" पंचांची शिट्टी झाली. तीस सेकंद संपली. ती बाद होऊन मैदानाबाहेर येऊन बसली आणि मला म्हणाली, "मॅडम, मी नीट परत आले होते ना?"

(मंडपात शांतता.)

त्या पाच सामन्यांत आम्ही तिला रिकामं परत यायला शिकवलं होतं. मी शिकवलं होतं. शाब्बास म्हणून शिकवलं होतं.

तेव्हापासून मला वाटतं की आपण भांडतो ते चुकीच्या टेबलावर. नोंदणीच्या टेबलावर भांडतो. पाहुण्या किती, दोन की तीन? हद्दीतली की हद्दीबाहेरची? कुणी म्हणतं, पाहुण्या बंदच करा. अहो, दोनच पाहुण्या असल्या तरी सगळ्या तिसऱ्या चढाया त्या दोघीच करतात. दोनाची मर्यादा घालून काय मिळवलं? आणि बंद का करायच्या? पाहुणी म्हणून येणाऱ्या मुलीचं आयुष्य मी जवळून पाहिलंय, मीही पाहुणी म्हणून खेळले आहे. आमच्या वेळी साडी-चोळी आणि स्टीलची कळशी मिळायची, रात्री एसटीने परत. माझ्या सासूबाईंनी त्या कळश्या शेवटपर्यंत पाण्याला वापरल्या. आजच्या मुलींना मानधन मिळतं, त्यावर कुणाची फी भरली जाते, कुणाच्या गुडघ्याचा इलाज होतो. नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण या स्पर्धांमधून मिळत नाही, त्याला वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, आणि ती मिळेपर्यंत काढायची वर्षं या मानधनावर निघतात. त्यांच्या पोटावर पाय देऊन माझी अकरा नंबर मोठी होणार नाही.

शिवाय पाहुणी बचावात सोनं असते. साखळीत तिच्या हातात माझ्या मुलीचा हात असतो. कधी ओढायचं, कधी थांबायचं, हे तो हात शिकवतो. मी फळ्यावर खडूने काढून ते शिकवू शकत नाही.

(चिठ्ठी येते.) चिठ्ठीत लिहिलंय, 'लोक मोठी नावं बघायला येतात, प्रायोजक त्यासाठी पैसे देतो. नावं नसतील तर स्पर्धाच होणार नाही.' सही नाही, पण अक्षर मी ओळखते. (हशा.) दादा, तुमचं म्हणणं खरं आहे. मंडप, मॅट, दिवे, पंचांचं मानधन, जेवणं, हे सगळं तुम्ही उभं करता. मुलींची स्पर्धा भरवायला या पट्ट्यात आधी कोण पुढे येत होतं? तुम्ही आलात, हे मी विसरले नाही. म्हणूनच माझी मागणी नावं काढा अशी नाही. नावं आणा. माझी मागणी एका चढाईपुरती आहे.

माझी पुतणी न्यू जर्सीत असते. तिची मुलगी सॉफ्टबॉल खेळते, मोठा चेंडू, खालून फेकायचा. तिकडेही दोन मजले आहेत. एक गावची लीग, आणि एक फिरता संघ, जो शनिवार-रविवार गाड्या काढून लांबलांबच्या स्पर्धांना जातो, आई-वडील पदरचे पैसे घालतात, हॉटेलात राहतात. उन्हाळ्यात गावच्या लीगमधून निवडक मुलींचा संघ काढतात, तेव्हा भांडण तेच. फिरत्या संघातल्या तयार मुलींनी येऊन त्या जागा घ्याव्यात का? पुतणीने मला फोनवर हे भांडण तासभर ऐकवलं, मला वाटलं मी चाकणलाच आहे. मग मी तिला त्यांची नियमावली वाचून दाखवायला लावली. तिथे लिटल लीग नावाची संस्था आहे, १९३९ साली पेनसिल्वेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झालेली. राहण्याचा किंवा शाळेचा पुरावा तिचा नियमही मागतो, पण तिथेच थांबत नाही. गावच्या लीगचे ठरावीक सामने तू हंगामात खेळलीस का, हे विचारतो. खेळली असशील तर फिरत्या संघातली असलीस तरी ये. आणि दुसरा नियम मला त्याहून आवडला. गावच्या लीगच्या सामन्यात संघात नाव असलेल्या प्रत्येक मुलीला एकदा तरी बॅट हातात मिळालीच पाहिजे. प्रशिक्षकाची मर्जी चालत नाही.

म्हणजे स्थानिक कोण? हजेरीच्या वहीत जिचं नाव आहे ती. लातूरची असो, बिहारमधल्या सिवानची असो, आठव्या पिढीची भोसरीची असो. हंगामातले निम्म्याहून जास्त दिवस जी मैदानावर होती ती इथली. या नगरीला हजेरीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, आपल्या सगळ्यांची घरं पंचिंगवर चालली आहेत.

आणि माझा नियम असा. संघात पाहुण्या हव्या तेवढ्या घ्या. तिसरी चढाई मात्र वहीतल्याच मुलीने करायची. बस. गुणलेखक रिकाम्या चढाया मोजतच असतो, वेगळा माणूस लागणार नाही. पाहुण्यांच्या दंडाला रंगीत पट्टी बांधा, तिसऱ्या चढाईला पट्टीवाली निघाली तर पंच परत पाठवतील.

(एक श्रोत्या : "मग समोरच्या संघाला कळेल ना, कच्ची येणार आहे! लगेच धरतील.") धरतील, ताई. धरू द्या. त्यांच्या बाजूनेही कच्चीच येणार आहे. जोड लागली! आणि दुसऱ्या दिवशी सरावाला प्रशिक्षक काय करेल? आज तो पाहुणीला फोन करतो. उद्या तो वहीतल्या मुलींना रांगेत उभं करून तिसरी चढाई घोटून घेईल, कारण त्याची ढाल तिच्या पायावर अवलंबून असेल. मी एका हंगामात आमच्या चार शाळांच्या स्पर्धेत हे करून पाहिलं. पहिले दोन दिवस मुली धडाधड बाद झाल्या, पालक माझ्यावर नाराज. तिसऱ्या दिवशी एका आठवीतल्या मुलीने समोर तिघी असताना, अव्वल पकडीची भीती असताना, बसून पायाला हात मारला आणि रांगत मध्यरेषेवर बोटं टेकवली. नखात मॅटचा निळा रंग घेऊन ती मला दाखवायला आली.

(दुसरी चिठ्ठी.) पावणेदहा झाले. म्हणजे कंपन्यांच्या स्पर्धांवर, महापालिकेच्या मैदानांवर, मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांवर बोलायचं राहिलं. क्रीडासंस्कृती बरीचशी राहिली, संयोजकांची माफी मागते. मैदानांचं एकच वाक्य. आरक्षणातली मैदानं संध्याकाळी साडेपाच ते आठ मुलींना ठरवून द्या, त्याचं पत्र मी तयार केलंय, बाहेर टेबलावर आहे, सह्या करून जा.

आणि समोर बसलेल्या मंडळांच्या अध्यक्षांना माझी हात जोडून विनंती. दसऱ्याच्या सुमाराला तुमच्या स्पर्धा सुरू होतील, पत्रकं ऑगस्टमध्येच छापाल. नियमांच्या यादीत ही एक ओळ घाला. एक वर्ष घालून बघा. गर्दी कमी झाली तर पुढच्या वर्षी मला इथे बोलावून जाब विचारा. (एक आवाज : "आम्ही घालतो, मॅडम!" टाळ्या.) नाव लिहून घेतलं तुमचं. खरंच लिहून घेतलंय.

(तिसरी चिठ्ठी.) ही माझ्याच एका मुलीची दिसते. 'मॅडम, अकरा नंबरचं पुढे काय झालं?'

चांगलं झालं. चाकणला एका कंपनीत लाइनवर आहे, कायम झाली. लग्न झालं. रविवारी सरावाला येते, उजव्या कोपऱ्यात उभी राहते. घोट्याची पकड इतकी पक्की आहे की तुमच्यातल्या कुणाला तिच्यासमोरून पाय काढता येत नाही, तुम्हालाच ठाऊक आहे. गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, "अगं, आज एक चढाई कर, मुलींना तो लांब पाय दाखव." ती हसली, म्हणाली, "नको मॅडम, या जातील," आणि एका लहान मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला मध्यरेषेकडे ढकललं. त्या चाचणीनंतर चढाईला ती स्वतः आजपर्यंत गेलेली नाही.